दिव्याखालचा अंधार

राजदरबारात वावरलेल्या माणसाच्या आठवणी वाचताना, त्याला काय दिसले याइतकेच काय दिसले नाही, याकडेही लक्ष ठेवावे. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरीन हिच्या कारकिर्दीविषयी एकातेरिना दाश्कोवा या विदुषीने लिहिलेल्या आठवणी वाचताना मला हे फार जाणवले. मूळ पुस्तक बाईंनी साठी उलटल्यावर, १८०४-०५ साली फ्रेंचमध्ये लिहिले. किरिल फिट्झलायन यांचा इंग्रजी अनुवाद १९५८ साली लंडनला निघाला आणि १९९५ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने तो पुन्हा छापला.

बाईंचे आयुष्य कादंबरीत शोभावे असे. १७६२ साली, अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, लष्करी पोशाख चढवून त्या कॅथरीनबरोबर घोड्यावरून निघाल्या. तिसरा पीटर पदच्युत झाला, कॅथरीन गादीवर आली. गंमत अशी, की बाईंची सख्खी थोरली बहीण त्याच पीटरची प्रेयसी होती!

१७८३ साली कॅथरीनने त्यांना विज्ञान अकादमीच्या प्रमुखपदी बसवले. त्याच वर्षी रशियन भाषेसाठी वेगळी अकादमी निघाली. तिच्याही अध्यक्ष त्याच. दरबारी मंडळी फ्रेंचमध्ये बोलत असता या अकादमीने १७९४ पर्यंत सहा भागांचा, त्रेचाळीस हजारांवर शब्दांचा रशियन कोश पुरा केला. अकरा वर्षांत! आम्हा भाषेच्या मास्तरांना याचे अप्रूप वाटणारच.

पण याच पुस्तकात एक प्रसंग आहे. १७७० साली पॅरिसला तत्त्वज्ञ दिदरोने बाईंपाशी रशियातील भूदासांच्या गुलामीचा विषय काढला. बाईंनी दृष्टांत दिला : उंच कड्यावर एक आंधळा सुखाने राहतो आहे. वैद्याने त्याला दृष्टी दिली, पण खाली उतरवता आले नाही, तर भोवतालच्या दऱ्या पाहून तो भयाने झुरेल. म्हणून आधी शहाणपण, मग स्वातंत्र्य! दिदरोला हे पटले, असे बाई सांगतात. मला मात्र प्रश्न पडला, की त्या बिचाऱ्याला कड्यावर ठेवले कोणी? आणि खाली उतरायचा दोर कोणाच्या हाती होता?

ज्यांना दृष्टी होती, त्यांचे तरी काय झाले? १७९० साली रादिश्चेव्हने भूदासांची दैना छापली. त्याला देहदंड ठोठावून मग मेहरबानीने सैबेरियात धाडले. १७९३ साली खुद्द बाईंच्या अकादमीने छापलेले क्न्याझ्निनचे नाटक राजसत्तेविरुद्ध ठरले आणि त्याच्या प्रती जाळण्याचा हुकूम सुटला.

१७९६ साली कॅथरीन वारली. मुलगा पॉल गादीवर येताच त्याने बाईंना उत्तरेकडच्या एका खेड्यात हद्दपार केले. कडाक्याच्या थंडीत, एका शेतकऱ्याच्या झोपडीत त्यांना दिवस काढावे लागले. तेथे त्यांना कड्यावरच्या आंधळ्याची आठवण झाली असेल का?

भूदासांची सुटका व्हायला १८६१ साल उजाडावे लागले. कॅथरीनचा दिवा खोटा नव्हता. तो कोश त्याची साक्ष आहे. पण दिव्याखालचा अंधार दिव्याला दिसत नाही. तो दुसऱ्या कोणीतरी पाहावा लागतो. अशी पुस्तके पुन्हा छापायची, आणि पुन्हा वाचायची, ती त्यासाठीच.