दिवाळीआधीचे मंडप आणि कार्तिकातील जत्रा

पितृपंधरवडा उतरणीस लागला, की शहरांतील मंगल कार्यालयांच्या आणि क्रीडांगणांच्या कुंपणांवर फलक चढू लागतात: वस्त्रप्रावरणांचे प्रदर्शन, गृहोपयोगी वस्तूंचे प्रदर्शन, वाहनांचे, सदनिकांचे, फराळाचे आणि अलीकडे नुसत्या आकाशकंदिलांचेसुद्धा, आणि घटस्थापनेपासून वसुबारसेपर्यंतच्या चार आठवड्यांत शहरातील एकही बंदिस्त सभागृह मोकळे सापडणार नाही, अशी दरसालची स्थिती असते. ही प्रदर्शने भरू नयेत असे म्हणण्याइतका मी अरसिक नाही. व्यापाऱ्याने आपला माल सणासुदीला मांडावा आणि गिऱ्हाइकाने तो हौसेने घ्यावा, यात कोणी विघ्न आणू नये. परंतु जी प्रदर्शने सरकारी खर्चाने, म्हणजे अखेर रयतेच्या पैशाने, कारागिरांच्या आणि शेतकऱ्यांच्या हिताचे नाव घेऊन भरवली जातात, त्यांनीही हाच मुहूर्त गाठण्याची धडपड का करावी, हे मला आजवर उमगलेले नाही. माझे मत असे, की ती दिवाळी आटोपल्यावर, कार्तिकात आणि मार्गशीर्षात भरावीत, आणि शक्यतो तेथेच भरावीत, जेथे लोक पूर्वापार आपल्या पायांनी जमत आले आहेत.

दिवाळीआधी पैसा कोणाच्या हाती असतो, हा प्रश्न विचारला म्हणजे या मुहूर्ताचे इंगित उलगडते. कारखान्यांतील कामगारांना आणि कचेऱ्यांतील नोकरवर्गाला सणापूर्वी बोनस मिळण्याची वहिवाट आपल्याकडे जुनी आहे. १९६५च्या कायद्याने त्याची किमान मर्यादा वेतनाच्या ४ टक्के ठरवली, ती पुढे ८.३३ टक्के, म्हणजे बारा महिन्यांत एका महिन्याचा पगार, इतकी झाली, आणि तेव्हापासून शहरातील पेठा या एका तारखेकडे डोळे लावून बसू लागल्या. हे सर्व शहराच्या दृष्टीने यथायोग्य आहे. पण त्याच पंधरवड्यात मराठवाड्यातील किंवा वऱ्हाडातील सोयाबीनवाल्याची अवस्था पाहावी. पीक कापून शेतात पडलेले असते, मळणीयंत्राचा नंबर लागायचा असतो, परतीचा पाऊस दारात उभा असतो. हमीभावाच्या केंद्रावर न्यावे तर दाण्यातील ओलावा सामान्यतः १२ टक्क्यांच्या आत असल्यावाचून माल घेत नाहीत, आणि आडत्याकडे न्यावे तर तो त्याच ओलाव्याच्या नावाने भाव पाडतो. कापसाची पहिली वेचणी दसऱ्याच्या सुमारास घरात येते, काटापूजन होते, मुहूर्ताचा भाव वर्तमानपत्रात छापूनही येतो. पण खरा कापूस पुढच्या वेचण्यांचा, आणि त्याचे पैसे मार्गशीर्ष-पौषाकडे सरकलेले. अशा माणसाला आश्विन वद्य पक्षात तुम्ही प्रदर्शनाला बोलावता, तेव्हा तो येत नाही, अथवा आला तर उधारीवर खरेदी करून जातो. आणि कार्यक्रमाच्या अहवालात मात्र ‘ग्रामीण भागातून उत्स्फूर्त प्रतिसाद’ असे वाक्य नियमाने आढळते.

आपल्या पूर्वजांना ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नव्हती. आषाढी एकादशीला पंढरपुरात जी गर्दी होते ती भक्तीची. पण कार्तिकी एकादशीला भक्तीच्या जोडीने बाजारही चालून येतो, आणि यात्रेनिमित्त वाखरीच्या तळावर जनावरांचा जो मोठा बाजार भरतो, त्यात माणदेशाकडील खिलार बैलांचे सौदे रुमालाखाली बोटे दाबून होत आले आहेत. बिहारात गंडकी गंगेला मिळते तेथे सोनपूरचा मेळा लागतो तो कार्तिकी पौर्णिमेला. राजस्थानात पुष्करला उंटांचे तांडे उतरतात तेही त्याच पौर्णिमेच्या आगेमागे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा, जिच्यात घोड्यांपासून गाढवांपर्यंत सर्व प्रकारची जनावरे विक्रीस येतात, मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार असतो. इतक्या दूरदूरच्या, भाषेने आणि दैवताने भिन्न असलेल्या ठिकाणांनी सारखाच काळ निवडावा, हा केवळ योगायोग नव्हे. तिथी धर्माने ठरवल्या हे मान्य. पण बाजार या तिथींना येऊन चिकटला आणि इतर शेकडो तिथींना चिकटला नाही, याची कारणे जमिनीवरची होती. पाऊस उघडलेला, नद्यांना उतार पडलेला, गाडीवाट वाळून घट्ट झालेली, खरिपाचे धान्य खळ्यावर आलेले, कडबा-वैरणीची चिंता मिटलेली, आणि रात्रीच्या मुक्कामाला चांदणे. मराठ्यांच्या फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करीत त्याचेही कारण हेच होते. फरक इतकाच, की फौज वाट वाळण्याची वाट पाही आणि व्यापारी खिसा भरण्याचीही वाट पाही, म्हणून तो महिनाभर मागाहून निघे.

त्यात आणखी एक सोय होती, जिच्याकडे आमच्या उद्योग खात्यांचे लक्ष जावे असे मला वाटते. कार्तिक शुद्ध एकादशीला चातुर्मास सरतो, तुळशीचे लग्न लागते, आणि त्यासरशी माणसांच्या लग्नांचे मुहूर्त खुले होतात. शालू, भांडी, दागिना, घोंगडी, गादी, पाट-चौरंग, यांची मोठी खरेदी ही दिवाळीची नव्हे, लग्नसराईची असते. दिवाळीला माणूस अंगावरचे घेतो. लग्नाला घरातले घेतो, आणि ते चार माणसांना विचारून, दहा ठिकाणी पाहून घेतो. कारागिराला गिऱ्हाईक हवे ते हे, दुसऱ्या प्रकारचे.

औद्योगिक प्रदर्शनांची कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आली आणि तिचे पंचांगही तिच्याबरोबर आले. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांना जोडून जी स्वदेशी मालाची प्रदर्शने भरू लागली, त्यांपैकी १९०२ सालच्या अहमदाबादच्या प्रदर्शनाचे उद्घाटन बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी केले आणि त्या प्रसंगी देशाच्या औद्योगिक दैन्याविषयी विस्ताराने भाषण केले; परंतु ती प्रदर्शने डिसेंबरात भरत याचे कारण खळ्यावरच्या धान्यात नसून वकील मंडळींच्या नाताळच्या सुट्टीत होते. योग असा, की न्यायालयांची सुट्टी आणि शेतकऱ्याची सवड एकमेकींच्या फारशा दूर नव्हत्या, म्हणून बिघडले नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानावर १९८० पासून भरणारा आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा मात्र १४ नोव्हेंबर या इंग्रजी तारखेला बांधलेला आहे, आणि आमच्या दिवाळीला अधिक मासाप्रमाणे पुढेमागे सरकण्याची मोकळीक आहे. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला पडले. म्हणजे मेळ्याचा पहिला दिवस आणि दिवाळीचा पाडवा एकच. येवल्याच्या किंवा सोलापूरच्या विणकराने त्या वर्षी दिल्लीत पाडव्याला गाळा लावायचा, तर लक्ष्मीपूजन आगगाडीत करायचे, असा हिशेब झाला. दोन कालगणनांचे अंतर कोष्टकावरून वर्षानुवर्षे आधी कळते; ते पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही इतकेच.

या बाबतीत म्हैसूरचा दाखला मला अधिक बोधक वाटतो. तेथील दसऱ्याची परंपरा विजयनगरच्या महानवमीपर्यंत मागे नेता येते, आणि वडियार घराण्याने ती सतराव्या शतकाच्या आरंभापासून श्रीरंगपट्टणात, पुढे म्हैसुरात चालवली. चामराज वडियारांच्या कारकिर्दीत, १८८० मध्ये, या उत्सवाला प्रदर्शनाची जोड मिळाली, आणि तिचा उद्देश प्रजेला नव्या सुधारणांचा परिचय करून द्यावा, हा होता. आज ते प्रदर्शन राजवाड्यासमोरच्या दोड्डकेरे मैदानावर भरते. त्यातील मर्म असे, की ते दसऱ्याला उघडते खरे, परंतु जंबूसवारीचा हत्ती बन्नीमंटपाहून परतला म्हणजे मिटत नाही; ते पुढे डिसेंबरापर्यंत चालू राहते. उत्सवाची गर्दी त्याला आरंभीच लाभते, आणि उत्सवाची घाई ओसरल्यावर ज्याला खरोखर काही पाहायचे आहे त्याला महिना-दोन महिने अवकाश राहतो. ज्या संस्थानाने १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यापासून वीज काढली, १९१२ मध्ये रेशमाचा आणि त्यानंतर चारसहा वर्षांतच चंदनतेलाचा व साबणाचा कारखाना काढला, त्या संस्थानात प्रदर्शन हे दरबारी शोभेचे अंग राहिले नाही, यात नवल नाही. तेथे १९१२ ते १९१८ दिवाण असलेले विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शिकले होते आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नाशिक, धुळे, पुणे येथे त्यांची उमेदीची वर्षे गेली होती. खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारी दारे त्यांनीच बसवली. आमच्याकडून माणूस गेला; तिकडची पद्धत उचलण्यास मात्र आम्हांला सवड झालेली दिसत नाही.

पाहण्याचा अवकाश ही क्षुल्लक बाब नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली, हे महाराष्ट्राच्या उद्योगेतिहासात नोंदलेले आहे. ती समजूत जाहिरातीने किंवा सवलतीच्या दराने जाण्यासारखी नव्हती. शेजाऱ्याच्या रानात नांगर चालताना पाहावा, पुढल्या हंगामात त्याच रानात पीक पाहावे, मग विश्वास ठेवावा, हाच तिला उतारा होता. आजच्या ठिबक संचाची, पेरणीयंत्राची, जैविक खताची गोष्ट याहून निराळी नाही. आणि कारागिराच्या वस्तूला तर दाखवण्याची गरज याहूनही अधिक आहे. येवल्याची हातमागावरची पैठणी पदराकडून उलटी करून पाहिली, तर मोर जसा सुलट बाजूस तसाच उलट बाजूस दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा हाताने गुंतवून त्या जागीच वळवलेला असतो; यंत्रमागाच्या नकलेत मागच्या बाजूस धाग्यांची लोंबती जाळी राहते अथवा ती कातरलेली आढळते. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगण्यास विणकराला दहा मिनिटे पुरतात. पण धनत्रयोदशीच्या आदल्या सायंकाळी, मागे वीस माणसे उभी असताना आणि ध्वनिक्षेपकावरून भाग्यवान सोडतीचे क्रमांक पुकारले जात असताना, ही दहा मिनिटे त्याला कोण देणार? मग पंचवीस हजारांची आणि तीन हजारांची पैठणी एकाच टेबलावर शेजारी पडतात, आणि त्या गर्दीत तीन हजारांचीच खपते.

माझ्या या मताविरुद्ध दोन आक्षेप येतील, त्यांपैकी पहिल्याला मी फारशी किंमत देत नाही. सण गेल्यावर गर्दी होणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी पुण्यात डिसेंबरात भरणाऱ्या भीमथडी जत्रेत एखाद्या रविवारी वाहन लावण्यास जागा शोधून पाहावी. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो ऊसतोड मजुरांचा. बीड, पाथर्डी, आष्टी या बाजूची हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता बांधून निघतात, ती उन्हाळ्यापर्यंत परतत नाहीत. त्यांच्या गावी कार्तिकात प्रदर्शन मांडणे म्हणजे कुलूप घातलेल्या दारांपुढे तोरण लावणे होय. त्या तालुक्यांपुरता माझा नियम मोडावा, आणि काही मांडायचे ते भाद्रपद-आश्विनातच, त्यांच्या गरजेच्या वस्तूंचे, ताडपत्रीचे, सौरदिव्याचे, लहान मुलांच्या आरोग्याच्या सोयींचे मांडावे. कारखान्याच्या तळावर, जेथे ही माणसे खोप्या घालून राहतात, तेथे पौषात एखादे फिरते प्रदर्शन न्यावे, ही कल्पना मला त्याहून बरी वाटते. पण साखर कारखान्यांच्या संचालकांना ती कितपत रुचेल, याविषयी मी साशंक आहे.

बाकी जिल्ह्यांत अडचण इच्छेची आहे, पैशाची नाही. यात्रांचे तळ आहेत, त्यांच्या पाण्याचा, दिवाबत्तीचा आणि बंदोबस्ताचा खर्च ग्रामपंचायती, देवस्थाने आणि पोलीस खाते असाही करतेच. तेथे चाळीस-पन्नास गाळे विनामोबदला कारागिरांस राखून ठेवण्यास वेगळ्या मंडपाची किंवा पंचतारांकित सभागृहाच्या भाड्याची गरज नाही. गाळा ज्याच्या नावे दिला तो स्वतः किंवा त्याच्या घरचे माणूस तेथे बसले पाहिजे, पोटभाड्याने दलालाकडे जाता कामा नये, ही एक अट तेवढी कसोशीने पाळावी. सध्या ती कागदावर असते आणि गाळ्यात भलताच मनुष्य असतो. जिल्हा उद्योग केंद्रांनी पुढील वर्षाच्या कार्यक्रमाची आखणी करताना आर्थिक वर्षाच्या तक्त्याजवळ एक पंचांगही ठेवावे, अर्ज ज्येष्ठात मागवावेत, आणि गाळ्यांची सोडत अनंत चतुर्दशीच्या आत पुरी करावी. कारण रेशीम बंगळूरहून आणि जर सुरतेहून आणायची, ती उधारीवर न आणता रोखीने आणायची, आणि माग लावून दोन-चार चांगले नग उतरवायचे, तर विणकराला त्यापुढचे दोन महिने तरी हाती हवेत.