काळ्या खडकावरील बिऱ्हाड

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर पश्चिमेस, पॅसिफिक महासागरात गॅलापागोस द्वीपसमूह पसरला आहे. त्याच्या पश्चिम अंगाचे फर्नांडिना बेट म्हणजे पाण्यातून वर आलेला एक जागता ज्वालामुखीच होय. २०२४ च्या मार्चमध्ये त्याचा लाव्हा डोंगर उतरून थेट समुद्रास मिळाला. येथे मनुष्यवस्ती नाही. मार्गदर्शकासह आलेल्या प्रवाशास पुंता एस्पिनोसा या टोकावर उतरता येते, आणि पाऊल कोठे ठेवावे हाच पहिला प्रश्न पडतो. कारण काळ्या खडकावर त्याच रंगाचे शेकडो सागरी इग्वाना एकमेकांच्या अंगावर पहुडलेले असतात.

रूप उग्र, पण आहार शेवाळाचा! समुद्रात चरणारी सरड्याची ही जगातील एकमेव जात. ओहोटी लागली की माद्या व लहान इग्वाना उघड्या पडलेल्या खडकांवरील शेवाळ खरवडतात. थोराड नर मात्र थंड पाण्यात बुडी मारून तळाशी चरतात. परतल्यावर गारठलेले शरीर उन्हात तापविल्याखेरीज पचनही नीट होत नाही. पोटात गेलेले जादा मीठ नाकातून फुरफुरत बाहेर टाकले जाते व डोक्यावर त्याचा पांढरा थर बसतो.

ही सारी घडी बसली आहे ती खोल समुद्रातून वर येणाऱ्या थंड, पोषक प्रवाहावर. एल निनोच्या वर्षी पाणी तापते, नेहमीचे शेवाळ नाहीसे होते आणि उपासमार सुरू होते. तेव्हा इग्वानाची चक्क लांबीच घटते, काहींची २० टक्क्यांपर्यंत! लहान देहाला थोडे अन्न पुरते. सुकाळ आला की तो पुन्हा वाढतो. परंतु १९८२-८३ च्या तीव्र एल निनोत ही काटकसरही अपुरी पडली आणि असंख्य इग्वाना मेले.

शेजारीच न उडणारा पाणकावळा घरटे करतो. फर्नांडिना व लगतचे इसाबेला सोडून तो अन्यत्र कोठेही नाही. पंख इतके खुरटे की उड्डाण अशक्य. तरी पाण्यातून येताच तो ते ऐटीत पसरून वाळवीत उभा राहतो.

बेटाच्या अंतर्भागात, लाव्हाने वेढलेल्या झुडपांच्या एका पट्ट्यात २०१९ मध्ये एक वृद्ध मादी कासव सापडली. येथील जातीचे त्यापूर्वीचे एकमेव कासव १९०६ मध्ये मिळाले होते. जनुकीय तपासणीत दोन्ही एकाच वंशाची ठरली. फर्नांडा असे नाव दिलेल्या या मादीस सांताक्रूझ बेटावरील संवर्धन केंद्रात हलविण्यात आले. तिच्यासाठी जोडीदार शोधण्यास पथके पुन्हा त्या उतारांवर गेली. नर अद्याप सापडलेला नाही.