बर्फावरचे पडणे आणि मुलांचा अंगठा
हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीच्या उतारावर मुले प्रथमच स्कीइंग शिकतात, तेव्हा पालकांना धास्ती असते ती पाय मोडण्याची. अंगठ्याचा विचार सहसा कोणी करीत नाही.

तोल गेला तरी मूल हातातील काठी सोडत नाही. तळवा बर्फावर आपटतो, काठीची मूठ अंगठ्याला बोटांपासून दूर लोटते आणि त्याच्या मुळाशी, तर्जनीच्या बाजूस असलेल्या अस्थिबंधावर सारा ताण येतो. प्रौढांचा हा बंध फाटतो. वाढत्या वयात मात्र बंध चिवट आणि हाडाच्या टोकाजवळची वाढीची कूर्चा नाजूक. म्हणून बंधाऐवजी हाडाचा तुकडाच निखळून येतो.

‘मुरगळला असेल’ म्हणून तेल चोळणे, अंगठा ओढून पाहणे ही घरोघरची सवय येथे घातक ठरते. मुळाशी सूज असेल, पेन्सिल धरताना दुखत असेल, तर विनाविलंब क्ष-किरण तपासणी करावी. तुकडा जागेवर असल्यास अंगठा व मनगट प्लॅस्टरमध्ये साधारण ४ ते ६ आठवडे ठेवतात. तो सरकला असल्यास शस्त्रक्रियेने बारीक तार वा स्क्रू घालून जागी बसवावा लागतो. येथे चालढकल झाली तर सांधा ढिला राहतो, चिमटीतले बळ जाते. आणि लेखणी धरणे काय, नोटा मोजणे काय, सारे चिमटीवरच चालते.

काठीचा पट्टा मनगटात न अडकवता, पडताना काठी सोडून देण्याचा सराव पहिल्याच दिवशी करून घेण्यास पालकांनी प्रशिक्षकाला आवर्जून सांगावे.