दाण्याचा फोटो आणि गायरानाचा सातबारा

दाण्याचा फोटो काढा, जात ओळखा, या मोबाईल तंत्राचं भारी कौतुक चाललंय. (माणसाची जात ओळखायला आमच्या गावाला फोटोही लागत नाही, ते असो.) तंत्राला आमचा विरोध नाही. आकार, रंग, नाभी पाहून सोयाबीनचे वाण वेगळे काढता येतील. पण २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलंच नाही, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तेव्हा ओरड उगवणीची होती. सोयाबीनची साल पातळ. पोती आदळली तरी आतला गर्भ दुखावतो, दाणा वरून चांगलाच दिसतो. कायद्याला किमान ७० टक्के उगवण लागते. ती ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून मोजावी लागते.

आणि भरपाई मागायची कुणी? हिंगोलीत गायरान कसणाऱ्या आमच्या कित्येकांकडे सातबाराच नाही. २०२१ पासूनच्या ई-पीक पाहणीतही पिकाचा फोटो काढतात, पण नोंद सातबाऱ्यावरच होते. दादासाहेब गायकवाडांनी १९६४ ला भूमिहीनांसाठी देशभर सत्याग्रह केला, तो याच जमिनीसाठी. आमची मागणी साधी आहे: पंचनामा कसणाऱ्याच्या नावाने करा. तोवर कार्यकर्त्यांनी वस्तीवर जाऊन सांगावं, पिशवी, टॅग, पावती आणि मूठभर बियाणं जपून ठेवा.