रुळांआधी बस



‘अहिल्यानगरची कोंडी हलक्या रेल्वेनेच फुटेल’ हे प्रसिद्ध झालेले मत वस्तुस्थितीला धरून नाही.

पहिला मुद्दा लोकसंख्येचा. २०११च्या जनगणनेत महापालिका क्षेत्रात सुमारे साडेतीन लाख लोक होते. त्याच जनगणनेनुसार सुमारे पंधरा लाख लोकसंख्येच्या नाशिकसाठीही रुळांची नव्हे, टायरवर धावणारी ‘मेट्रो निओ’ सुचवली गेली.

दुसरा मुद्दा धोरणाचा. केंद्राच्या २०१७च्या मेट्रो धोरणानुसार असा प्रकल्प मांडण्याआधी बससह सर्व पर्यायांची तुलना बंधनकारक आहे.

तिसरा, जोडणीचा. माळीवाडा व तारकपूर ही बसस्थानके आणि रेल्वे स्थानक यांना सावेडी, केडगाव ही उपनगरे आणि एमआयडीसीशी जोडणारी वक्तशीर शहर बस व सामायिक तिकीट ही पहिली गरज. प्रवासीसंख्या मोजल्यावरच रुळांचा विचार व्हावा.

— एक वाचक, अहिल्यानगर