मुलाची खोली आणि कादंबरीतील बालमन

कथासाहित्यातील मुलाची खोली हा त्याच्या स्वभावाचा आरसा होय, असे समीक्षेत सर्रास गृहीत धरले जाते. वस्तुतः खोली सांगते ते कुटुंबाविषयी. मुलाचा स्वभाव कळतो तो खोलीशी त्याचा मेळ बसेनासा होतो तेव्हा. योहाना स्पायरी यांच्या ‘हायडी’त (१८८०) आल्प्समधील आजोबांच्या झोपडीत, गवताच्या माळ्यावर, निजण्याची जागा हायडी स्वतः निवडते. पुढे फ्रँकफुर्टच्या श्रीमंत घरात तिला सुसज्ज खोली मिळते, आणि तिथेच डोंगराच्या ओढीने ती झोपेत चालू लागते. फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांच्या ‘अ लिटल प्रिन्सेस’मध्ये (१९०५) वडिलांच्या निधनाची वार्ता येताच सारा क्रू हिची रवानगी त्याच शाळेच्या पोटमाळ्यावर होते. खोली पालटते, सारा पालटत नाही.

हाच निकष भारतीय कादंबरीला लावला, तर हाती काहीच लागत नाही. विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९२९) या बंगाली कादंबरीतील अपूला स्वतःची खोली नाही. आहे ती खेळण्यांची पत्र्याची पेटी. परंतु म्हणून त्याला अंतर्विश्व नाही, असे कोण म्हणेल? ती पेटी, ओसरी आणि घरामागचे बांबूचे बन यांतच ते सामावलेले आहे. तेव्हा ‘मुलाची खोली कशी आहे?’ याऐवजी ‘या घरात मुलाचे म्हणावे असे काय आहे?’ हा प्रश्न तौलनिक अभ्यासकाने विचारावा. पहिला प्रश्न मोजक्याच घरांना लागू पडतो. दुसरा कोणत्याही भाषेतील घराला विचारता येतो.