राज्यशास्त्राचा धडा आणि आपली मुले



आपल्या वस्त्यांतील ज्या घरांत मूल नववी-दहावीत शिकते आहे, त्या घरांत एक रीत सर्रास आढळते. गणित, विज्ञान व इंग्रजी यांना शिकवणी लावावयाची आणि राज्यशास्त्र मात्र परीक्षेच्या आदल्या रात्री गाईडातून पाठ करावयाचे. आईबापांचा हिशेब सरळ असतो. ४० गुणांच्या पेपरात मोठा वाटा इतिहासाचा, राज्यशास्त्र त्याच्या शेपटीला. एवढ्याशा गुणांसाठी वेळ कोण घालवील? शिवाय राजकारण हा शब्दच आपल्याकडे बदनाम झालेला. मुलाने राजकारणात पडू नये असे ज्या बापास वाटते, तो राजकारणाचा धडाही मुलाने फारसा मनावर घेऊ नये असेच धरून चालतो. हा हिशेब चुकीचा आहे आणि इतरांपेक्षा आपणांस तो अधिक महाग पडतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या राज्यात २०१८ साली लागू झालेले दहावीचे पुस्तक घेऊन त्यातील राज्यशास्त्राचा भाग उघडून पाहा. संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी, भारतीय लोकशाहीसमोरील आव्हाने, असे पाच धडे आहेत. विषय काही वाईट नाहीत. वाईट आहे ती शिकविण्याची तऱ्हा. 'चळवळ म्हणजे काय ते दोन वाक्यांत लिहा' असा प्रश्न फळ्यावर येतो, मूल दोन वाक्ये लिहिते आणि चळवळ संपते! ज्यांच्या आजोबांनी पाण्यासाठी मार खाल्ला त्यांच्या नातवांनीही ती दोनच वाक्ये लिहावीत काय?

महाडचेच उदाहरण घ्या. शाळेत मुलास एवढेच सांगतात की २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तारीख पाठ होते, पण तिच्या मागचे-पुढचे कोणी सांगत नाही. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव आणला व सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कायदेमंडळ झाले, नगरपालिका झाली, कागद तयार झाला. परंतु तळ्यावर जाण्याची कोणाची छाती झाली नाही. कागदावरचा हक्क पायाखाली आणण्यासाठी १९२७ चा मोर्चा निघाला. त्यानंतर काय झाले? त्याच वर्षीच्या ऑगस्टात नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेच्या वेळी कोर्टाचा मनाईहुकूम आडवा आला व सत्याग्रह तहकूब करावा लागला. खटला वर्षानुवर्षे चालला आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. पुढे १९५० साली अंमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात विहिरी, तलाव व स्नानाचे घाट यांचा स्पष्ट उल्लेख आला.

एका तळ्याच्या या कथेत कायदेमंडळ आहे, स्थानिक स्वराज्य संस्था आहे, चळवळ आहे, न्यायालय आहे आणि संविधानही आहे. सहावीपासून दहावीपर्यंत राज्यशास्त्र म्हणून जे तुकड्या-तुकड्यांनी शिकविले जाते ते सारे येथे एका जागी सापडते. कायदा झाला म्हणजे काम झाले नव्हे, आणि मोर्चा निघाला म्हणजेही झाले नव्हे, ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे जातात, हे ज्या मुलास कळले त्यास गाईडाची गरज राहणार नाही.

दुसरे उदाहरण तुमच्या घरातील कागदांचे आहे. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशात, पंजाबकडील काही शीख जाती वगळता, हिंदू धर्माबाहेरील कोणासही स्थान नव्हते. १९५६ साली शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांचा समावेश व्हावयास १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! एक पिढी शाळेतून बाहेर पडून, नोकरी शोधून, थकून घरी बसली एवढा हा काळ. ज्या कायद्याने ही दुरुस्ती झाली तो संसदेत झाला, आणि संसद मतांनी बनते. आज दाखल्यासाठी तुम्ही रांगेत उभे राहता तेव्हा तुमच्या हातातील अर्जावर हा सारा इतिहास असतो. दहावीतील मुलीने तो नीट वाचला असेल, तर धर्माच्या रकान्यात काय लिहावे व जातीच्या रकान्यात काय, यासाठी टेबलापलीकडच्या माणसाच्या तोंडाकडे पाहण्याची वेळ बापावर येणार नाही. नुकतीच दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी तर हे विशेष ध्यानी घ्यावे.

आता थोडे अप्रिय बोलावयाचे आहे. २०१२ च्या मे महिन्यात एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकातील एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. चित्र शंकर यांचे, १९४९ सालचे. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, हाती आसूड, मागे आसूड उगारलेले पंडित नेहरू आणि भोवती पाहणारी गर्दी. सरकारने माफी मागितली, पुस्तक मागे घेतले. पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर व योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले. पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोडही झाली. ज्यांना ते चित्र पाहून दुःख झाले त्यांच्या दुःखास आम्ही खोटे म्हणणार नाही. बाबासाहेबांचा अवमान हा या देशात दूरचा विषय नाही, त्यांच्या पुतळ्यांची विटंबना आपण पाहत आलो आहोत. परंतु खुर्च्या मोडण्याने कोणते उत्तर दिले गेले? त्या चित्राशेजारी विद्यार्थ्यांना प्रश्न विचारलेला होता की संविधान तयार होण्यास इतका वेळ का लागला असावा. वास्तविक पाहता त्या प्रश्नाचे उत्तर आपल्यापाशी तयार होते, कारण खुद्द बाबासाहेबांनीच ते देऊन ठेवले आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी दिरंगाईच्या आरोपाचा समाचार घेतला तो आकड्यांनी. काम चालले दोन वर्षे, अकरा महिने, सतरा दिवस. अमेरिकेने आपले संविधान चार महिन्यांत केले खरे, पण त्यात कलमे सात. कॅनडास दोन वर्षे पाच महिने लागले, कलमे १४७. ऑस्ट्रेलियास नऊ वर्षे लागली, कलमे १२८. आपली कलमे ३९५. शिवाय आपल्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या दाखल झाल्या आणि त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष सभेपुढे आल्या, तशा दुरुस्त्यांना या इतर देशांच्या संविधानकर्त्यांस तोंड द्यावे लागले नव्हते. हे ज्या विद्यार्थ्यास ठाऊक आहे, तो वर्गात उभा राहून त्या व्यंगचित्रकारास निरुत्तर करील. ज्यास ठाऊक नाही त्याच्या हाती दगडाखेरीज काय उरते? त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध इशाराही दिला होता, हेही विसरता कामा नये.

पाने गाळण्याची सवय पुढे कोठवर जाते तेही पाहा. त्याच एन.सी.ई.आर.टी.ने दहावीच्या पुस्तकातून लोकशाही आणि विविधता, लोकांचे लढे व चळवळी, लोकशाहीपुढील आव्हाने ही प्रकरणे काढून टाकली, आणि २०२३ साली मुलांच्या हाती पडलेल्या पुस्तकांत ती नव्हती. कारण सांगितले गेले अभ्यासाचा भार कमी करण्याचे. भार नेमका याच प्रकरणांचा कसा झाला, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो. एक गोष्ट खरी, की ज्याच्या घरी चळवळीची हकिकत सांगणारे कोणी आहे त्या मुलाचे नुकसान थोडे कमी होते.

म्हणून आईबापांना आमची विनंती आहे. २६ जानेवारी २०२० पासून आपल्या राज्यातील शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन करण्याचे सरकारने ठरविले. मूल ती घडाघडा म्हणते याचे कौतुक जरूर करा, पण 'बंधुता' म्हणजे काय, आणि आपल्या गावात ती कोठवर आली आहे, हेही एकदा विचारा. उत्तर चुकले तरी चालेल. मराठवाड्यातील घरांत नामांतराच्या काळात घराबाहेर काढलेली, जळालेली घरे पाहिलेली माणसे आजही आहेत. १९७८ चा ठराव आणि १९९४ चा नामविस्तार यांमधील सोळा वर्षे त्यांनी स्वतः पाहिली आहेत. त्यांच्याजवळ मुलास वही घेऊन बसवा. मात्र आपल्या पक्षाचा झेंडा त्याच्या हाती देण्याची घाई करू नका. कोणत्या पक्षाने काय केले हे त्याने वर्तमानपत्र वाचून, दोन बाजू ऐकून ठरवावे. शिक्षकांनाही भेटा. पुष्कळ शिक्षक वर्गात चर्चा घ्यावयास कचरतात, उद्या कोणी तक्रार करील म्हणून. पालक पाठीशी आहेत असे कळले तर त्यांनाही धीर येतो.

आज दहावीत असलेली तुमची मुलगी दोन-तीन वर्षांत अठरा वर्षांची होईल. मतदार यादीत नाव घालण्याचा नमुना ६ सतरावे वर्ष पूर्ण होताच आगाऊ भरता येतो, आणि २०२२ पासून त्यासाठी वर्षातून चार पात्रता तारखा धरल्या जातात. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांची पहिली तारीख. वस्तीतील किती मुलामुलींची नावे अजून यादीत नाहीत, याची मोजदाद येत्या सुटीत दहावीच्या मुलांनीच करावी.